टोकियोतल्या लिसनिंग बारमध्ये पहिल्यांदा जाताना

टोकियोत लिसनिंग बार, म्हणजे चांगल्या स्पीकरवर रेकॉर्ड ऐकण्यासाठीचा बार, शोधायला निघालात की पहिली अडचण दाराचीच येते. यातले बरेच बार तळघरात नाहीतर एखाद्या अरुंद इमारतीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असतात, पाटी तळहाताएवढी असते आणि आत जेमतेम दहा-वीस जणांची सोय असते. नकाशावरची खूण मजला सांगत नाही, म्हणून लोक बरोबर इमारतीसमोर येऊनही फेऱ्या मारत राहतात. पत्त्याच्या शेवटी पाहा: आकड्यापुढे ‘एफ’ असेल तर वरचा मजला, ‘बी१’ असेल तर तळघर. जपानी मोजणीत रस्त्यालगतचा मजला हाच पहिला, त्यामुळे ‘३एफ’ म्हणजे आपल्या हिशेबाने दुसरा मजला.

दार सापडेपर्यंत एक गोष्ट ठरलेली असावी: आपण नेमक्या कुठल्या प्रकारच्या जागी चाललो आहोत. नवख्यांची निराशा होते ती बहुतेक वेळा इथेच.

तीन प्रकार, तीन शिस्ती

सगळ्यात जुना आणि कडक प्रकार मेइक्योकु किस्सा, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकवणारं कॉफीचं दुकान. शिबुयातल्या दोगेनझाका भागातलं ‘लायन’ १९२६ सालचं. युद्धात जळाल्यावर १९५० मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. तिथल्या खुर्च्या आगगाडीच्या डब्यासारख्या एकाच दिशेला, दोन मजले उंच स्पीकरकडे तोंड करून मांडलेल्या आहेत. बोलणं बंद, फोटो बंद. कॉफी घ्यायची आणि गप्प बसायचं. कॉकटेलची हौस असेल तर ही जागा तुमच्यासाठी नाही, पण कान तयार करायला दुपारी तासभर इथे बसण्यासारखं दुसरं काही नाही.

दुसरा प्रकार जॅझ किस्सा, म्हणजे जॅझ ऐकवणारं कॉफीचं दुकान. योकोहामातलं ‘चिगुसा’ १९३३ मध्ये सुरू झालं, टोकियोच्या योत्सुयामधलं ‘ईगल’ १९६७ मध्ये. युद्धानंतर परदेशी एलपी सामान्य जपानी माणसाच्या आवाक्याबाहेर होती आणि घराच्या भिंती पातळ. एका कॉफीच्या पैशात महागडी रेकॉर्ड मोठ्या स्पीकरवर ऐकायला मिळणं ही तेव्हा फार मोठी सोय होती. इथे सहसा रेकॉर्डची एक अख्खी बाजू लावतात. काही ठिकाणी दिवसा शांतता आणि संध्याकाळी बार अशी विभागणी असते; ईगलमध्ये संध्याकाळी सहापर्यंत न बोलण्याचा नियम प्रसिद्ध आहे.

तिसरा प्रकार म्हणजे आजचा लिसनिंग बार. एबिसुमधला ‘बार मार्था’ हे त्याचं ठळक उदाहरण: मंद उजेड, बाटल्यांच्या शेजारी रेकॉर्डची भिंत, टॅनॉयचे मोठे स्पीकर, हलक्या आवाजात बोलायची मुभा आणि फोटोला सक्त मनाई. इथे मालक किंवा बारटेंडर एकेक गाणं निवडून लावतो. कॉकटेल आणि आवाज दोन्ही हवे असतील तर इथूनच सुरुवात करा. याच धर्तीचा बार गोव्यातही आहे: पणजीतला ‘फॉर द रेकॉर्ड’. जपानचं तिकीट काढण्याआधी तिथे एक संध्याकाळ घालवली तर पुढचं बरंच सोपं जाईल. गोव्यात दारूसाठी वयाची अट १८ आहे. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५. जपानमध्ये ती २० आहे, आणि तरुण दिसत असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा.

निघण्याआधी

एकटे जा, फार तर दोघे. चौघांना अनेक ठिकाणी दारातूनच परत पाठवतात आणि त्यात उद्धटपणा काही नसतो. चार माणसं एका टेबलाशी बसली की दोन-दोनच्या दोन गप्पा सुरू होतात, एकमेकींवर चढतात, आणि पंधरा खुर्च्यांच्या खोलीत तेवढं पुरतं. ग्रुपमध्ये असाल तर दोघा-दोघांनी वेगवेगळ्या दिवशी जाणं उत्तम.

वार मंगळवार ते गुरुवार, वेळ उघडल्यापासून पहिल्या तासातली. शुक्रवारी रात्री नऊनंतर कुठलाही बार हा बारच असतो. शनिवार-रविवारी प्रवासी जास्त. सुट्टीचा वार प्रत्येकाचा वेगळा, तो आधी बघून घ्या.

रोख येन जवळ असू द्या. लहान जागांत कार्ड चालेलच असं नाही. पहिल्या भेटीला माणशी साडेपाच हजार येन पुरतात. हिशेब साधारण असा: बसण्याचा आकार (कव्हर चार्ज) ५०० ते १,५०० येन, प्रत्येक कॉकटेल १,००० ते २,००० येन, आणि पेयं दोन. आकार बहुतेक ठिकाणी असतोच. कधी त्याबरोबर ‘ओतोशी’ म्हणून छोट्या वाटीत काहीतरी खायला येतं, तुम्ही मागवलेलं नसलं तरी. ते परत करायचं नसतं, त्याचे पैसे आकारातच धरलेले असतात. शाकाहारी असाल तर सावध: वाटीत मासळी असू शकते, आणि नुसत्या भाजीलाही बऱ्याचदा मासळीच्या पाण्याची चव असते. खाल्लं नाही तरी कोणी काही म्हणत नाही.

अत्तर लावू नका. लहान बंद खोलीत तो वास पेयाच्या वासावर बसतो. उलट दिशेनेही तयारी ठेवा: २०२० पासून जपानमध्ये बंद जागेत धूम्रपानाला बंदी आली, तरी त्याआधीपासून चालू असलेल्या काही छोट्या बारना सवलत आहे, त्यामुळे एखाद्या जागी धूर असू शकतो. दारावर तसं लिहिलेलं असतं.

आणि कानांना थोडी विश्रांती द्या. मेट्रोच्या खडखडाटात इअरफोन मोठा करून गाणी ऐकत आलात तर कान तात्पुरते बधिरतात आणि बारमधला पहिला अर्धा तास मंद वाटतो. शेवटची दहा मिनिटं इअरफोनशिवाय चाला.

आत शिरताना

१. दाराबाहेर क्षणभर थांबा. आत हळू वाजणारं काही असेल तर दार सावकाश उघडा, हातात धरून बंद करा.

२. लगेच खुर्चीकडे जाऊ नका. काउंटरमागच्या माणसाची नजर येईपर्यंत उभे राहा आणि बोटांनी संख्या दाखवा. एकटे असाल तर ‘हितोरी देस’, दोघे असाल तर ‘फुतारी देस’ एवढं पुरे.

३. हात पुसायला गरम किंवा गार रुमाल येतो, तो ओशिबोरी. त्याने हात पुसायचे, मान-तोंड नाही.

४. फोन नुसता सायलेंटवर नव्हे, व्हायब्रेशनही बंद करून खिशात. लाकडी काउंटरवर थरथरणारा फोन चांगलाच ऐकू येतो. पडद्याचा उजेडही अंधाऱ्या खोलीत शेजाऱ्याला टोचतो.

५. पिशवी, कॅमेरा, पेला यातलं काहीही टर्नटेबलच्या कट्ट्यावर ठेवू नका. त्यावर रेलूही नका. सुई रेकॉर्डच्या खाचेतली अगदी बारीक थरथर वाचते. कट्ट्याला बसलेला धक्का तिच्या लेखी गाण्याचाच भाग असतो. तो स्पीकरमधून धप्पकन येतो, आणि धक्का जोराचा असेल तर सुई उडून रेकॉर्डवर कायमचा ओरखडा राहतो.

खुर्ची कुठली घ्यावी

पर्याय दिला तर इथे डोकं चालवा. तीच रेकॉर्ड, तेच स्पीकर, पण दोन खुर्च्यांवर दोन वेगळे आवाज ऐकू येतात.

दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर दोन्हींच्या मधोमध बसलं की स्टिरिओ नीट जमतो. स्पीकर अडीच मीटरच्या फरकाने असतील तर अडीच-तीन मीटर मागे. तिथे गायिका मध्यभागी उभी राहते, ड्रम डावीकडे की उजवीकडे ते कळतं. एका बाजूला सरकलात की जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो आणि कान सगळं गाणं तिकडूनच येतंय असं ठरवतात.

फार पुढेही बसू नका. या बारमधले स्पीकर बऱ्याचदा जुने थिएटरचे किंवा स्टुडिओचे असतात: आल्टेक, जेबीएल, टॅनॉय. आल्टेक किंवा जेबीएलच्या मोठ्या पेटीत खर्जासाठी ३८ सेंटिमीटरचा कोन आणि वरच्या सुरांसाठी वेगळा हॉर्न असतो. दीड मीटरच्या आत बसलात तर खालून बास आणि वरून झांज असे दोन तुकडे ऐकू येतात. ते एकजीव व्हायला निदान दोन मीटर लागतात. टॅनॉयच्या ड्युअल कॉन्सेंट्रिक रचनेत वरच्या सुरांचा भाग खर्जाच्या कोनाच्या मध्यातच बसवलेला असतो, त्यामुळे तिथे जवळची खुर्चीही चालते.

पाठ भिंतीला टेकेल अशी खुर्ची आरामाची, पण भिंतीजवळ खर्ज फुगतो आणि कोपऱ्यात सगळ्यात जास्त. बास गुरगुरतोय, शब्द झाकतोय असं वाटलं तर यंत्राला दोष देण्याआधी डोकं फूटभर पुढे आणून पाहा. फरक तिथल्या तिथे कळतो.

काउंटरची खुर्ची मजेची असते, कारण बारटेंडर रेकॉर्ड बदलताना आणि बर्फ तासताना दिसतो. मात्र तिथे बर्फाचा, नळाचा आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा आवाजही कानाशी. पहिल्यांदा ऐकायलाच गेला असाल तर काउंटरचं स्पीकरपासून दूरचं टोक किंवा मधलं टेबल बरं.

आणि कडेचीच खुर्ची मिळाली तर? बिघडत नाही, रेकॉर्ड पाहा. स्टिरिओ एलपी बाजारात आली १९५८ मध्ये. त्याआधीचं जॅझ बहुतेक मोनो, त्यात डावं-उजवं नाहीच, म्हणून कडेला बसून फारसं काही निसटत नाही. मग स्टिरिओ रेकॉर्ड लागली की मधली खुर्ची रिकामी झाली का ते हळूच विचारावं.

काय मागवावं

इथे मागवण्याचा पहिला निकष आवाज. शेकर दहा-पंधरा सेकंद हलवला जातो आणि धातूत आपटणारा बर्फ झांजेच्याच पट्टीत वाजतो. जाणते बारटेंडर गाणं संपण्याची वाट बघतात किंवा मोठ्या आवाजाच्या भागात शेकर हलवून घेतात. तुम्ही सुरुवातीलाच व्हिस्की सावर मागवलंत, त्यात अंड्याचा पांढरा भाग असला, तर शेकर दोनदा चालतो: एकदा बर्फाशिवाय, एकदा बर्फासह. खुशाल मागवा, पण उशीर झाला तर घड्याळ पाहू नका.

ढवळून होणारी पेयं इथे शोभतात: नेग्रोनी, मॅनहॅटन, मार्टिनी. लांब चमच्याने अर्धा मिनिट ढवळलं की काम झालं, आवाज जवळपास नाही. मार्टिनीची अडचण वेगळी. ती बर्फाशिवाय येते आणि दहा-पंधरा मिनिटांत कोमट होते, तर एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटं चालते. ऐकण्यात गुंगून गेलात तर निम्मा पेला वाया जातो.

म्हणून पहिल्या पेयाला आमची शिफारस हायबॉल. ३० ते ४५ मिली व्हिस्की, त्याच्या तिप्पट-चौपट गार सोडा, उंच पेला, वर एकदाच चमचा. ‘शिंगुरु’ म्हणजे ३० मिली, आपला स्मॉल. ‘दाबुरु’ म्हणजे ६०. सोडा नको असेल तर ‘मिझुवारी’ म्हणा, व्हिस्की आणि पाणी. चांगल्या बारमध्ये बर्फ मोठ्या स्वच्छ लादीतून हाताने कापलेला असतो. तुकडा मोठा म्हणजे वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी, म्हणून तो सावकाश वितळतो आणि एक बाजू संपेपर्यंत पेय पाणचट होत नाही. बुडबुडा नसलेला बर्फ पेल्यात तडतडतही कमी.

ऑर्डर द्यायची वेळ गाण्यांच्या मधली. हात थोडा वर, हळूच ‘सुमिमासेन’, मग पेयाचं नाव आणि ‘ओनेगाइशिमासु’. पेल्याखाली कोस्टर असतो, पेला त्यावरच टेकवा. तासाला एक पेय हा तिथला सर्वसाधारण वेग. एका हायबॉलवर तीन तास बसून राहिलात तर कोणी उठवणार नाही, पण दहा खुर्च्यांच्या बारचं पोट कशावर चालतं ते उघड आहे. दारू घेत नसाल तर ‘नोन-अरुकोरु’ मागा, आलं घातलेला सोडा तरी नक्की मिळतो. तिसऱ्या पेयाला मात्र विचार करा, कारण तोवर आपला आवाज चढलेला असतो आणि तो आपल्याला सोडून सगळ्यांना कळतो.

ऐकताना

बोलण्याचं माप सोपं आहे: शेजारी बसलेल्यालाच ऐकू जाईल एवढं. त्यासाठी स्पीकरवर आवाज चढवावा लागत असेल तर गाणं थांबेपर्यंत गप्प बसा. काही लावलेलं फार आवडलं तर रेकॉर्डचं वेष्टन बघा. वाजत असलेल्या रेकॉर्डचं कव्हर बहुतेक ठिकाणी काउंटरवर किंवा भिंतीशी उभं केलेलं असतं. त्यावरून नाव वहीत टिपून घ्या. फोनला गाणं ओळखायला लावणं अनेक मालकांना खटकतं, आणि कव्हर समोर असताना त्याची गरजही नसते.

आवाज किती मोठा? जॅझ किस्सामध्ये ९० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो, लिसनिंग बारमध्ये सहसा कमी. अमेरिकेच्या निओश या संस्थेचं माप असं: ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. एका बैठकीला धोका नाही, पण लागोपाठ तीन ठिकाणी जाणार असाल तर मध्ये बाहेर हवेवर या.

काही गोष्टी बिघाड वाटतात, पण नसतात.

बाजूचं शेवटचं गाणं पहिल्यापेक्षा बोथट वाटतं, ‘स’ जरा फिसकारतो. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबला की वरचे सूर आधी मार खातात. यावर बारवाला फारसं काही करू शकत नाही.

अधूनमधून चट-चट येते ती धूळ किंवा स्थिर वीज. ठरावीक अंतराने, दर फेरीला एक म्हणजे साधारण १.८ सेकंदांनी येणारी टिक म्हणजे ओरखडा. पन्नास-साठ वर्षं वाजलेल्या रेकॉर्डला हे असायचंच.

खरा बिघाड ओळखायचा तो असा: सुरुवातीपासूनच ‘स’ चिरका आणि मोठ्या सुरांवर आवाज फाटलेला. सुईवर कापसासारखी धूळ जमली असते, किंवा सुई झिजलेली असते, किंवा तिच्यावरचा भार कमी आहे. भार कमी असणं हेच रेकॉर्डला जास्त घातक, कारण हलकी सुई खाचेत बसत नाही, भिंतींवर आपटत जाते. म्हणून बारमध्ये टिकाऊ कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) जरा वजनाने चालवतात. जपानमध्ये सर्रास दिसणारं डेनॉनचं डीएल-१०३ हे १९६२ सालचं, त्याला अडीच ग्रॅम भार लागतो. बिघाड लक्षात आला तरी सांगायला जाऊ नका. सुई साफ करण्याचा ब्रश मालकाच्या हाताशी असतो आणि त्याचे कान तुमच्याआधी उभे राहिलेले असतात.

फर्माईश

आधी दोन रेकॉर्ड ऐका, मग विचारा. काही ठिकाणी कागद-पेन्सिल ठेवलेली असते, काही ठिकाणी फर्माईश चालतच नाही. ‘रिकुएसुतो, दाइजोबु देस का?’ एवढं विचारलं की उत्तर मिळतं. गाण्याचं नाव सांगण्यापेक्षा कलाकार आणि साल सांगा, नाहीतर नुसता बाज: ‘१९६० च्या आसपासचा पियानो त्रिकूट’. भिंतीवर हजारो रेकॉर्ड असल्या तरी त्यात तुमची एक नेमकी असेलच असं नाही. बाज सांगितला की मालकाला निवडायला वाव मिळतो आणि बऱ्याचदा तुम्ही न ऐकलेलं काही हाती लागतं. वाजत असलेल्या रंगाच्या अगदी उलट काही मागू नका. रविशंकर किंवा बिस्मिल्ला खाँ यांच्या एलपी जपानी संग्रहांत सापडू शकतात. विचारायला हरकत नाही, पण रात्री अकरा वाजता रंगात आलेल्या सोल संगीतामध्ये शहनाई घुसवू नका. तुमची फर्माईश लागली तर बाजू संपेपर्यंत बसायचं. आपलीच फर्माईश चालू असताना उठून जाणं हे तिथे फार वाईट दिसतं.

घरची एलपी बरोबर घेऊन जाण्याचा मोह होतो. पहिल्या भेटीला नको. अनोळखी रेकॉर्डवरची धूळ मालकाच्या सुईला लागते, आणि ती सुई महाग असते.

निघताना

बिलासाठी ‘ओकाइकेइ ओनेगाइशिमासु’. पैसे छोट्या तबकात ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत. सुटे काउंटरवर ओतू नका, त्यांचाही आवाज होतो. टीप देऊ नये. दिलीत तर तुमच्या मागे धावत येऊन परत करतील.

लास्ट ऑर्डरची वेळ बसतानाच विचारून ठेवा. टोकियोतली शेवटची गाडी रात्री बाराच्या सुमारास सुटते, लाइनप्रमाणे थोडी मागेपुढे, आणि पहिली पहाटे पाचच्या आसपास. मधल्या वेळात टॅक्सी, आणि रात्री तिचा दर चढा. भाड्याची गाडी किंवा सायकल घेऊन आला असाल तर ती तिथेच ठेवा. पिऊन सायकल चालवणं हासुद्धा जपानमध्ये गुन्हा आहे. उठायचं ठरलं की चालू गाणं संपू द्या, कोट घाला, काउंटरमागच्या माणसाला ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणा, आणि दार पुन्हा हाताने धरून लावा.